बेस गिटारच्या तारा बदलून आवाज बदलायचाय? मग कामं या क्रमाने करा

पाऊस ओसरला, चवथ झाली, किनाऱ्यावर शॅक पुन्हा उभे राहू लागले आणि लग्नांच्या तारखा पडू लागल्या की गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या खोलीत ओळखीपाळखीचे बेस येऊ लागतात. तक्रार बहुतेकदा एकच असते : "नव्या तारा घातल्या, चांगल्या महागातल्या, पण आवाज होता त्याहून बिघडला." बेस हातात घेतला की कारण कळतं. कधी तारा उत्तम असतात, पण त्या वादकाला हवा तो आवाज देणाऱ्या जातीच्या नसतात. कधी जात बरोबर आणि जाडी चुकलेली असते. फार वेळा तारा अगदी योग्य निघतात. त्यांच्यासाठी नेक (बेसची लांब मान) आणि ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग) पुन्हा लावून घ्यायचं राहिलेलं असतं.

गडबड क्रमाची आहे. लोक आधी ब्रँड ठरवतात, मग गेज, म्हणजे तारेची जाडी, आणि आवाजाचा विचार तारा चढवून झाल्यावर करतात. तो क्रम उलटा करायचा. खालचे टप्पे चार तारांच्या (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी), फ्रेट (बोटपट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेल्या बेससाठी लिहिले आहेत. पाच तारांचा किंवा फ्रेटलेस बेस असेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

## १. आहे त्या तारा जिवंत आहेत का, ते आधी पाहा

नवी तार कशी वाटते हे ठरवताना बहुतेक जण तिची तुलना दीड-दोन वर्षांच्या मेलेल्या तारेशी करतात. त्या तुलनेत कुठलीही नवी तार "खूपच ब्राइट" वाटणार. त्यामुळे पहिलं काम खरेदीचं नाही, तपासणीचं आहे.

अंगठ्याचं नख तारेच्या खालच्या बाजूने, फ्रेटच्या वर वर, सरकवत न्या. प्रत्येक फ्रेटपाशी नख अडकत असेल तर तिथे तारेवर खळगे पडले आहेत. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवा (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून) आणि त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे-पुढे करूनही दोन्ही सूर जुळत नसतील, ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नसेल, तर ती तार सगळीकडे सारख्या वजनाची राहिलेली नाही. काळे ठिपके, हाताला लागणारा खरखरीत गंज, चारपैकी एकच तार मंद वाजणं, ही उरलेली लक्षणं.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा : या बेसचा आवाज पूर्वी आवडत होता का? आवडत होता आणि आता आवडत नाही, तर तोच संच नवा आणा आणि इथेच थांबा. डिचोलीचा एक वादक पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबक) बदलायला निघाला होता. त्याच्याच जुन्या गेजच्या नव्या तारा घातल्या आणि पिकअपचा खर्च वाचला.

तपासा : कुठल्याही दोन जातींची तुलना नव्याची नव्याशीच करा. राउंडवाउंड (गोल तारेची गुंडाळी असलेल्या) तारांची पहिली चमक काही तासांच्या वादनात उतरते. त्यांचा खरा आवाज आठवडाभराने कळतो.

## २. मोजा आणि लिहून ठेवा

या टप्प्याला अर्धा तास लागतो आणि नेमका हाच टाळला जातो.

स्केल लांबी. नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीच्या) आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. नेहमीच्या फेंडर प्रिसिजन किंवा जॅझ पद्धतीच्या बेसवर ते १७ इंच येतं, म्हणजे स्केल ३४ इंच, सुमारे ८६ सेंटिमीटर. शॉर्ट स्केल साधारण ३० इंचांचा असतो. काही पाच-तारी बेस ३५ इंचांचे असतात. पाकिटावर लाँग, शॉर्ट, मीडियम असं लिहिलेलं असतं, ते याच लांबीला धरून.

तारा कुठून येतात. ब्रिजच्या मागच्या भोकातून की बॉडीच्या पाठीतून? बॉडीतून येणाऱ्या तारेला जास्त लांबी लागते. शिवाय सॅडलवर तिला तीव्र वळण मिळतं, आणि काही फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या) तारांना ते सोसत नाही. फ्लॅट घ्यायच्या असतील तर उत्पादकाने बॉडीतून ओवायला परवानगी दिली आहे का, ते वाचूनच घ्या.

सध्याचं गेज. पाकीट हरवलं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल कॅलिपर पुरतो. तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. ४५ म्हणजे १.१४ मिलिमीटर, १०० म्हणजे २.५४, १०५ म्हणजे २.६७, पाच-तारीची १३० म्हणजे ३.३०.

ट्यूनिंग. कागदावरचं नको, खरोखर वापरता ते लिहा. गायकासाठी बँड अर्धा सूर उतरून वाजवत असेल तर ते इथे नोंदलं गेलं पाहिजे. सहाव्या टप्प्यात त्याचा हिशेब लागतो.

शेवटी एक ओळ रेकॉर्ड करा. तुम्हाला पाठ असलेली आठ-दहा सेकंदांची बेस लाइन, सगळे नॉब पूर्ण उघडे, शक्य असेल तर केबल थेट इंटरफेसमध्ये. फोनवर करणार असाल तर फोन आणि अँपमधलं अंतर लिहून ठेवा. नव्या तारा चढवल्यावर हीच ओळ अशीच पुन्हा वाजवायची आहे. कान दोन दिवसांत नव्या आवाजाला सरावतात, रेकॉर्डिंग सरावत नाही.

## ३. हवा तो आवाज शब्दांत लिहा, आणि आधी फुकटात मिळतो का ते पाहा

"चांगला टोन" हे उत्तर धरू नका. तुम्ही कुठे वाजवता आणि शेजारी कोण वाजवतं, तिथून सुरुवात करा. तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) कांतारांना, म्हणजे गाण्यांना, ट्रम्पेट आणि सॅक्सच्या खाली चालणारा बेस गोल, आखूड आणि ठाम लागतो. भावगीतांच्या किंवा नाट्यगीतांच्या कार्यक्रमात बेस गायकाच्या मागे राहायला हवा, तारेवर बोट घासल्याचा आवाज माइकपर्यंत जायला नको. शॅकवर किंवा लग्नाच्या लॉनवर चित्र उलटं. मोकळ्या मैदानात भिंती नसल्याने खालचा आवाज परतून येत नाही, पसरून जातो. तिथे सुराची सुरुवात स्पष्ट ऐकू आली नाही तर बेस आहे की नाही हेच कळत नाही. घुमट (मडक्याचं तालवाद्य) शेजारी असेल तरी हेच. त्याचा घुमारा खालच्या पट्टीत असतो, तेव्हा बेसने वरच्या हार्मोनिक्समधून (मूळ सुराबरोबर निघणाऱ्या उंच सुरांतून) आपली जागा काढावी लागते.

हार्मोनिक्सचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तारांची सगळी निवड त्यावर उभी आहे. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. लहान अँपचा स्पीकर तो फार थोडा देतो. आपल्याला सूर ओळखू येतो तो ८२, १२३ आणि त्यावरच्या हार्मोनिक्समुळे. तार बदलली की मूळ सूर तोच राहतो. वरचे हार्मोनिक्स किती येतात आणि किती वेळ टिकतात, ते बदलतं. म्हणजे तार ठरवते ती सुराची धार आणि त्याची लांबी.

म्हणून खरेदीआधी तीन गोष्टी करून पाहा. टोन नॉब अर्ध्यावर आणा. उजवा हात नेकच्या टोकाजवळ नेऊन वाजवा, मग ब्रिजजवळ. ब्रिजपाशी तारांखाली फोमचा पातळ तुकडा ठेवून वाजवा. यापैकी एकाने हवा तो आवाज जवळपास मिळाला तर तारा बदलण्याची घाई करू नका. टोन नॉब बंद केल्यावर आवाज आवडतो पण बोटांचा घासरा सहन होत नाही, असं असेल तर उत्तर फ्लॅटवाउंडकडे आहे. नॉब पूर्ण उघडा असूनही धार कमी पडते, तर नव्या राउंडवाउंडकडे.

## ४. सगळ्यात आधी वेढा निवडा

तारेच्या आत एक सरळ पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. त्या बाहेरच्या गुंडाळीचा, म्हणजे वेढ्याचा, आकार हाच आवाजातला सगळ्यात मोठा फरक. धातू आणि ब्रँड त्यामागून येतात.

राउंडवाउंड. गोल तारेची गुंडाळी, हाताला खडबडीत. हार्मोनिक्स भरपूर, सूर लांब टिकतो, स्लॅप (अंगठ्याने आपटून वाजवणं) आणि पिक (चकतीने वाजवणं) दोन्हींना साथ देते. किंमत तुलनेने कमी. तोटे दोन. बोट सरकलं की आवाज होतो, आणि गुंडाळीच्या खाचांत घाम आणि मळ साचून तार लवकर मंद होते. आपल्या हवेत हा दुसरा तोटा मोठा आहे.

फ्लॅटवाउंड. पट्टीसारख्या चपट्या तारेची गुंडाळी, पृष्ठभाग गुळगुळीत. मूळ सूर भक्कम, वरचे हार्मोनिक्स कमी, सूर थपकन लागतो आणि लवकर आवरतो. फ्रेट कमी झिजतात. खाचा नसल्याने मळ आत जात नाही, वर्षानुवर्षं टिकतात, आणि वापरून वापरून गोल होतात. किंमत राउंडच्या जवळपास दुप्पट, कधी त्याहून जास्त, पण वर्षांचा हिशेब केला तर स्वस्त पडतात. फ्लॅटमध्येही एकसारखेपणा नाही. थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट सैल आणि लवचीक लागतात, डॅडारिओच्या क्रोम्स घट्ट आणि त्यातल्या त्यात उजळ, ला बेलाच्या जाड फ्लॅट जड आणि खोल. "फ्लॅट वाजवून पाहिल्या, आवडल्या नाहीत" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठल्या?

हाफवाउंड किंवा ग्राउंडवाउंड. राउंड गुंडाळी करून वरून घासून सपाट केलेली. मधला आवाज. माझं मत असं की हवा असलेला आवाज ठरवलेला नसतो म्हणून लोक या घेतात आणि मग दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही म्हणतात. घासरा कमी हवा पण फ्लॅटचा थप्प नको, एवढी नेमकी गरज असेल तर मात्र या छान.

टेपवाउंड. आत धातूची गुंडाळी, वर नायलॉनची पट्टी, बहुधा काळी. मऊ, फुगीर, डबल बेसच्या जवळ जाणारा आवाज. आत पोलाद असल्याने चुंबकी पिकअपवर चालतात, आउटपुट मात्र थोडं कमी येतं. नायलॉनमुळे जाडी वाढते. काही संचांत जी तारच ६० ची आणि ई ११५ ची असते. नटच्या खाचा इतक्या रुंद आहेत का, ते मोजल्याशिवाय मागवू नका.

फ्रेटलेस असेल तर सुरुवात फ्लॅट किंवा टेपनेच करा. राउंडवाउंड रोझवूडची पट्टी खरवडते. बेसवादक जाको पास्टोरियसचा राउंडवाउंड फ्रेटलेस आवाज सगळ्यांना हवा असतो, पण त्याने बोटपट्टीवर इपॉक्सीचा कडक थर दिला होता, हे विसरलं जातं.

इशारा : अकूस्टिक बेसच्या ब्राँझ तारा इलेक्ट्रिकवर चढवू नका. चुंबकी पिकअपला पोलाद किंवा निकेल लागतं. ब्राँझच्या गुंडाळीला तो जवळपास ऐकतच नाही. पाकीट घाईत घेताना ही चूक होते.

## ५. मग धातू

हा टप्पा मुख्यतः राउंडवाउंडसाठी, आणि लवकर उरकतो. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद हा मधला रस्ता : पुरेशी धार, हाताला बरी. स्टेनलेस स्टील सगळ्यात उजळ आणि खरखरीत, गंजाला जास्त तोंड देतं, पण फ्रेट अधिक झिजवतं. शुद्ध निकेल मऊ आणि जुन्या वळणाचं. ॲक्टिव्ह प्रीअँप (बेसमधला बॅटरीवर चालणारा आवाज वाढवणारा भाग) आणि स्टेनलेस एकत्र आले की आवाज कधी कधी कानाला टोचतो. आधी निकेलचा मुलामा वापरून पाहा आणि कमी पडलं तरच स्टेनलेसकडे जा.

कोटेड तारा, उदाहरणार्थ एलिक्सरच्या, घाम फार येणाऱ्यांना खरंच उपयोगी आहेत. पहिल्या दिवशीची धार किंचित कमी मिळते आणि ती खूप जास्त दिवस राहते. किनाऱ्यावर आठवड्यातून चार रात्री वाजवणाऱ्याला मी त्याच सुचवतो.

## ६. गेज आणि ताण : इथे घाई नको

गेज म्हणजे जाडी, ताण म्हणजे तार सुरात आणल्यावरचा खेच. लोक दोन्ही एकच समजतात. एकाच जाडीच्या राउंड आणि फ्लॅट तारांचा ताण वेगळा असू शकतो, कारण ताण ठरतो तारेच्या वजनावर, स्केलच्या लांबीवर आणि सुरावर. म्हणून पाकिटाच्या मागे किंवा उत्पादकाच्या तक्त्यात दिलेला ताणाचा आकडा बघा. चार तारांचा मिळून ताण नेहमीच्या संचात साधारण ८० किलोच्या आसपास जातो. नेक तेवढा भार सतत पेलत असतो.

सुरुवातीला ४५-६५-८५-१०५ हा संच घ्या, तो बहुतेकांना जमतो. ४५-६५-८०-१०० हलका आहे, बोटांना सोपा, पण त्यात डी तार बाकीच्यांपेक्षा घट्ट आणि ई त्या मानाने सैल लागते. जोरात वाजवणाऱ्याची ई फ्रेटवर आपटते आणि मग तो ब्रिज उंच करत सुटतो. ५०-७०-८५-१०५ जड, पिकने ठोकून वाजवणाऱ्यांसाठी चांगला. बेसवादक जेम्स जेमरसनच्या नावाने ओळखला जाणारा ५२-११० चा फ्लॅट संच बोटांत जोर असल्याशिवाय घेऊ नका. जाड तारेने आवाज भरीव होतो हे खरं, पण ती वाजवताना हात थकला तर तो भरीवपणा तिसऱ्या गाण्यानंतर टिकत नाही.

आता ट्यूनिंगचा हिशेब. त्याच तारा अर्धा सूर उतरवल्या की ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, पूर्ण सूर उतरवल्या की सुमारे २१ टक्क्यांनी. बँड कायम अर्धा सूर खाली वाजवत असेल तर एक पायरी जाड संच घ्या, हाताला नेहमीसारखाच लागेल. शॉर्ट स्केलवर ताण मुळातच कमी, तिथेही थोडी जाड तार शोभते. पाच-तारीवर सगळ्यात जाड, बी तार सैल आणि धूसर वाटत असेल तर १२५ ऐवजी १३० करून पाहा. फक्त ती नटच्या खाचेत बसते का, ते आधी कॅलिपरने मोजा.

तपासा : एका वेळी एकच गोष्ट बदला. राउंडवरून फ्लॅटवर जाताना गेजही वाढवलं आणि आवाज आवडला नाही, तर दोष कशाचा हे कधीच कळणार नाही.

## ७. खरेदी

पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांत गिटारच्या तारा भरपूर असतात, बेसची निवड मर्यादित. फ्लॅट, टेप किंवा शॉर्ट स्केल हवा असेल तर बहुधा मागवावाच लागतो, तेव्हा कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी. पाकिटावर चार गोष्टी वाचा : स्केल, वेढा, धातू, गेज. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या नामांकित पाकिटांपासून दूर राहा, नकली तारा सर्रास विकल्या जातात. जुना फ्लॅट संच विकत घेताना तो तुमच्यासारख्याच हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) बेसवर होता ना, ते विचारा. एकदा वळलेली फ्लॅट तार दुसऱ्या जागी पुन्हा नीट वळत नाही.

## ८. तारा चढवणं

कार्यक्रमाच्या दिवशी हे काम नको. आदल्या दिवशीही नको. निदान तीन दिवस हातात ठेवा.

जुन्या तारा एक-एक काढून त्या जागी नवी चढवली तर नेकवरचा भार एकदम सुटत नाही. बोटपट्टी साफ करायची असेल तर सगळ्या काढायला हरकत नाही, पण मग नेक स्थिर व्हायला एक दिवस द्या.

१. नटच्या खाचेत पेन्सिलच्या शिशाची पूड लावा.

२. तार ब्रिजमधून ओवा. बॉलचं टोक (तारेच्या शेवटी धातूचा छोटा गोळा असतो ते) मोकळं फिरू द्या आणि तारेला कुठेही पीळ पडू देऊ नका. पीळ पडलेली तार नवी असूनही मेल्यासारखी वाजते, आणि दोष तारेच्या कंपनीला दिला जातो.

३. तार तिच्या खुंटीपर्यंत ताणून धरा आणि खुंटीपुढे साधारण १० ते १२ सेंटिमीटर मोजा.

४. आधी वाकवा, मग कापा. जिथे कापायचं त्याच्या किंचित अलीकडे पक्कडीने काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. राउंड कोअरच्या, म्हणजे गोल गाभ्याच्या, तारेत हे पाळलं नाही तर आतल्या गाभ्यावरची गुंडाळी सुटते आणि तार कायमची जाते. म्हार्दोळच्या जत्रेतल्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः अशी ई तार घालवली आहे, आणि दुसरी मिळेपर्यंत जुनी, गंजलेली तार परत चढवून वाजवावं लागलं. तेव्हापासून पक्कड हातात घेतली की मी आधी वाकवतो, गाभा कुठलाही असो.

५. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला, वाकवा, आणि वेढे वरून खाली जातील असे गुंडाळा. दोन ते तीन वेढे पुरेत. ए तारेला मात्र एखादा वेढा जास्त द्या. बऱ्याच बेसवर तिला हेडस्टॉकवर दाबून धरणारी कडी नसते. वेढे कमी पडले तर नटवर तिचा दाब कमी पडतो आणि मोकळी ए तार झणझणते.

फ्लॅट तारांच्या टोकाला रेशमाचं आवरण असतं. ते नटच्या पलीकडे, खुंटीकडेच राहिलं पाहिजे. नटच्या आत आलं तर लांबी चुकली आहे. खुंटीवर फक्त रेशमाचा भाग वळू द्या.

६. सुरात आणा, मग सॅडलच्या पुढे आणि नटच्या पुढे बोटाने तार हलकेच खाली दाबा. तिथे तारेला नैसर्गिक कमान राहते. ती सरळ झाली नाही तर सूर डळमळतो. हे दोन सेकंदांचं काम जवळपास कुणी करत नाही.

इशारा : सूर लावताना नटपाशी "टिंग" असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. खाच स्वतः कानशीने रुंद करू नका. जास्त घासली गेलेली खाच परत भरून येत नाही. जाणत्या कारागिराकडे द्या.

## ९. सेटअप, आणि त्यातला क्रम

वेगळ्या ताणाच्या तारा घातल्या की नेकची कमान बदलते. ताण वाढला तर नेक पुढे वाकतो, कमी झाला तर मागे जातो आणि पहिल्या पाच फ्रेटवर झणझणाट सुरू होतो. "या तारा खराब आहेत" ही तक्रार इथे जन्मते. तारा चढवून, सुरात ठेवून एक रात्र जाऊ द्या आणि मग या क्रमाने जा. क्रम मोडला तर प्रत्येक पायरी मागच्या पायरीला बिघडवते.

नेकची कमान. ई तार पहिल्या फ्रेटवर कापोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) आणि शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला फीलर गेज सगळ्यात चांगला, नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड चालेल. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने घट्ट करा, कमी असेल तर सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. घट्ट करताना तारा थोड्या सैल करा, मग परत सुरात आणून मोजा. ट्रस रॉडचा नट जड लागत असेल, करकरत असेल तर थांबा. ट्रस रॉड तुटला तर नेक गेला.

उंची. सतराव्या फ्रेटवर स्टीलच्या पट्टीने तारेखालचं अंतर मोजा. ई साठी २.४ मिलिमीटर, जी साठी २ मिलिमीटर, इथून सुरू करून हाताला हवं तसं कमी-जास्त करा.

इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर. उतरता असेल तर पुढे. दर वेळी पुन्हा सुरात आणूनच मोजा. वेगळ्या जाडीच्या तारेला सॅडलची जुनी जागा जवळपास कधीच चालत नाही.

पिकअपची उंची. ही सगळ्यात शेवटी. टेपवाउंड घातल्या असतील तर पिकअप थोडा वर घ्या. वरच्या फ्रेटवर ई तारेचा सूर लहरत असेल तर चुंबक फार जवळ आहे, खाली न्या. चारही तारा एकाच जोराने वाजवून आवाजाची पातळी सारखी येते का, ते पाहा.

तपासा : प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. अँप न लावता आलेली किंचित झणझण अँपमधून ऐकू येत नसेल तर तिच्यामागे लागू नका.

## १०. निकाल दोन आठवड्यांनी

दुसऱ्या टप्प्यातली ओळ आता पुन्हा रेकॉर्ड करा, नॉब तेच, हात तिथेच. मग बँडबरोबर निदान दोन तालमी करा. खोलीत एकट्याने वाजवताना राउंडवाउंड भरगच्च वाटते आणि फ्लॅट पोकळ. ड्रम्स आणि कीबोर्ड सुरू झाले की पुष्कळदा उलट घडतं. फ्लॅटला तर दोन आठवडेही कमी. पहिल्या दिवसांतली त्यांची धातूसारखी चमक जायला वेळ लागतो. ती जायची वाट न पाहता काढून टाकलेले महागाचे संच मी पाहिले आहेत.

न आवडल्यास मागे जाण्याचा क्रमही ठरलेला ठेवा. धार जास्त किंवा कमी असेल तर वेढा बदला. आवाज बरोबर पण हात थकतो, तर गेज. बाकी सगळं ठीक आणि थोडीशीच चमक हवी, तर धातू.

## खारा वारा आणि पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत एवढी ओल असते की नुसत्या भिंतीला टांगलेल्या बेसच्या तारांवरही डाग पडतात. वाजवून झाल्यावर सुक्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. फडकं तारेखाली सरकवलंच पाहिजे, गंज तिथूनच सुरू होतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. किनाऱ्यावर वाजवून आल्यावर बेस ओल्या गिगबॅगमध्ये रात्रभर ठेवू नका. लाकूडही ओल धरतं आणि नेक हलतो. म्हणून मृगाच्या पावसानंतर एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा कमान पुन्हा मोजा.

राउंडवाउंड तारा उकळून पुन्हा वापरतात. मळ निघतो, काही दिवस चमक येते, पण पाणी गाभ्यापर्यंत राहिलं तर गंज दुप्पट वेगाने येतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून, पूर्ण वाळवून चढवणं बरं. आगीपासून दूर ठेवा, आणि अल्कोहोल बेसच्या पॉलिशला लागू देऊ नका. फ्लॅट, टेप आणि कोटेड तारांवर यातलं काहीही करू नका.

काढलेल्या संचातली त्यातल्या त्यात चांगली तार, विशेषतः जी आणि ई, सैलसर गुंडाळून, सिलिका जेलच्या पिशवीसकट बंद डब्यात घालून केसमध्ये टाका. ती आधीच योग्य लांबीला कापलेली आणि वळलेली असते, त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटांत चढते.